जांघेतील गाठ : प्रत्येक वेळी अवधाणच असते काय?



पायात काटा मोडला, विळा लागला, किंवा ओल्या रानात काम करून बोटांच्या बेचक्यात जखम झाली, की दोन-तीन दिवसांनी जांघेत गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. मग घरातील वडीलधारी माणसे तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीने शेकतात, कोणी लेप लावतो, आणि पायाची जखम भरली की गाठही बसते. हा आपला जुना अनुभव आहे. परंतु जांघेत येणारी प्रत्येक गाठ अवधाण नसते. आज ज्या गाठीविषयी लिहावयाचे आहे, ती शेकली, चोळली किंवा फोडली तर माणूस प्राणाला मुकू शकतो. आणि तीच गाठ वेळेवर ओळखली, तर बहुतेक वेळा चाकू न लावताही बरी होते.

मोहरीच्या काढणीच्या दिवसांतील गोष्ट आहे. आपल्यातील एका साठीच्या शेतकऱ्यांना छातीत दुखू लागले, म्हणून मुलाने त्यांना ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागात नेले. तेथे अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसविला गेला आणि तिसऱ्या दिवशी ते घरी आले. छातीचे दुखणे थांबले होते. अंगात हुशारी वाटत होती. पाचव्या दिवशी मजूर कमी पडले, तेव्हा त्यांनी स्वतःच पोत्याला हात घातला. रात्री जांघेत ठणका लागला आणि सकाळी लिंबाएवढी गाठ दिसू लागली.

संध्याकाळी मी सहज भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नी मिठाची पुरचुंडी गरम करीत होत्या. "फादर, अवधाण आलंय," ते म्हणाले.

"पायाला काही लागलं होतं का?"

"नाही, पायाला काहीच नाही."

"मग हृदयाच्या तपासणीची नळी कुठून घातली होती?"

त्यांनी बोट नेमके त्या गाठीवर ठेवले. मी अगदी हलका हात लावून पाहिला. गाठ नाडीसारखी उडत होती. शेकणे तेथेच थांबविले, त्यांना पाठीवर सरळ निजविले, आणि गाडी येताच मुलगा त्यांना घेऊन निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाठीतील ठोके थांबले होते. ना चिरा, ना टाका. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या यंत्रात पाहत पाहत ती जागा दाबून धरली होती, एवढाच काय तो उपचार!

घरच्या मंडळींना हा चमत्कारच वाटला. चमत्कार नव्हे, हे शास्त्र आहे. ते कसे चालते हे समजून घेणे, हा आजचा पाठ.

नळी हृदयापर्यंत जाते कशी?

१९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे या गावी वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच दंडाच्या नीलेतून, म्हणजे अशुद्ध रक्ताच्या शिरेतून, एक बारीक लवचिक नळी आत सरकवली आणि ती हृदयापर्यंत नेली. मग चालत जाऊन त्याने एक्स-रे काढून घेतला. त्या वेळी वरिष्ठांनी त्याला नावे ठेवली. पुढे १९५६ साली त्याच कामासाठी त्याला इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

१९५३ साली स्वीडनचे डॉक्टर सेल्डिंगर यांनी आणखी सोपी रीत प्रसिद्ध केली. आधी सुई टोचायची, सुईतून बारीक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि तारेच्या आधाराने नळी आत सरकवायची. कातडी चिरून रक्तवाहिनी उघडी करण्याची गरज उरली नाही. १९७७ साली झ्युरिक येथे डॉक्टर ग्रुंट्झिग यांनी अशाच नळीच्या टोकाशी लहान फुगा बसवून हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी रुंद केली. आज आपण जिला अँजिओप्लास्टी म्हणतो, ती हीच.

ही नळी घालण्याची फार दिवसांची ठरलेली जागा म्हणजे जांघ. तेथे पायाकडे जाणारी मोठी रोहिणी, म्हणजे शुद्ध रक्ताची वाहिनी, कातडीच्या जवळ असते आणि तिच्या पाठीमागे मांडीच्या हाडाचा गोल भाग असतो. नळी काढल्यावर तेथे दाबले, की रोहिणी हाडावर टेकून बंद राहते, जशी ऐरणीवर ठेवलेली वस्तू हलत नाही. अलीकडे पुष्कळ डॉक्टर मनगटातील रोहिणीतून नळी घालतात. १९८९ साली डॉक्टर कांपो यांनी या वाटेने हृदयाची तपासणी करता येते हे दाखवून दिले. मनगटाची रोहिणी लहान आणि वरच्या वर असल्याने तेथे रक्तस्राव कमी होतो. तरीही सर्वांनाच ती वाट चालते असे नाही, म्हणून जांघेची वाट आजही लागते.

छिद्र बुजते कसे आणि कधी बुजत नाही?

नळी काढल्यानंतर रोहिणीला जे छिद्र राहते ते मोहरीच्या दाण्याहून थोडे मोठे, एवढेच असते. परंतु रोहिणीतील रक्त हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी जोराने धावत असते. म्हणून डॉक्टर किंवा परिचारिका ती जागा साधारण १५ ते २० मिनिटे दाबून धरतात. तेवढ्यात रक्त गोठून छिद्रावर बूच बसते. मग रोग्याने काही तास पाय सरळ ठेवून निजावयाचे असते, कारण हे बूच ओल्या मातीच्या लिंपणासारखे असते. ते वाळेपर्यंत धक्का लागू द्यायचा नाही.

आता आपल्या शेतातील उदाहरण घ्या. जमिनीखालून पाण्याची नळी टाकली आहे आणि तिला एके ठिकाणी बारीक भोक पडले आहे. पाणी वर उसळत नाही. भोवतालच्या मातीत शिरते, आणि तेथे चिखलाचा एक कप्पा तयार होतो. पंप चालू असेपर्यंत पाणी त्या कप्प्यात आत-बाहेर करीत राहते, आणि कप्पा वाढत जातो. वरून पाहणाऱ्याला फक्त फुगलेली जमीन दिसते.

जांघेत हेच घडते. छिद्र नीट बुजले नाही, किंवा बुजलेले पुन्हा उघडले, तर रक्त बाहेर येऊन भोवतालच्या मांसात साठते आणि त्याचा कप्पा बनतो. डॉक्टर त्याला 'स्यूडोअ‍ॅन्युरिझम' म्हणतात. आपण तिला 'रक्ताची खोटी गाठ' म्हणू. खोटी अशासाठी, की खऱ्या गाठीत रोहिणीची भिंत स्वतःच फुगते. येथे मात्र भिंत फुटलेली असते आणि आजूबाजूचे मांस व गोठलेले रक्त हेच तात्पुरत्या भिंतीचे काम करते. म्हणूनच ती केव्हा दगा देईल याचा भरवसा नसतो.

ही गोष्ट वारंवार घडत नाही. नुसत्या तपासणीनंतर तर शंभरात एखाद्यालाही क्वचितच ती होते. स्टेंटसारख्या उपचारात नळी जाड असते आणि रक्त पातळ करणारी औषधे अधिक दिलेली असतात, म्हणून तेथे प्रमाण थोडे वाढते. उच्च रक्तदाब, स्थूल शरीर, टोचण्याची जागा नेहमीपेक्षा खाली पडणे, आणि लवकर जड काम करणे यांमुळेही धोका वाढतो.

आवाजाने पाहणे

सोनोग्राफीच्या यंत्रातून कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी शरीरात सोडतात. त्या आतील भागांवर आपटून परत येतात आणि त्यांवरून चित्र तयार होते. यात एक्स-रेचे किरण नसतात.

परंतु नुसत्या चित्रात साधी रक्ताची गुठळी आणि वाहत्या रक्ताचा कप्पा यांतील फरक नेहमीच कळतो असे नाही. त्यासाठी 'डॉप्लर' लागते. ग्वाल्हेर स्टेशनवर उभे राहून आपण आगगाडीची शिटी ऐकली आहे. न थांबणारी गाडी आपल्याकडे येत असताना शिटी बारीक, चढ्या सुरात ऐकू येते आणि गाडी पुढे निघून जाताच तोच सूर उतरतो. क्रिश्चियन डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ साली प्राग येथे यामागील नियम मांडला. धावत्या रक्तावरून परत येणाऱ्या लहरींचा सूरही असाच चढतो-उतरतो. यंत्र त्याला रंग देते. सामान्यतः आपल्याकडे येणारे रक्त तांबडे आणि दूर जाणारे निळे दाखवितात. खोट्या गाठीत रक्त भोवऱ्यासारखे फिरत असल्याने अर्धा कप्पा तांबडा आणि अर्धा निळा दिसतो. रोहिणीपासून कप्प्यापर्यंत जाणारी अरुंद वाटही दिसते. तिला गाठीची 'मान' म्हणतात. सारा उपचार या मानेभोवती फिरतो.

दाबून बरे करणे

पूर्वी अशी गाठ सापडली, की शस्त्रक्रिया करून रोहिणीला टाका घालावा लागे. ज्याचे हृदय आधीच दुबळे, त्याला पुन्हा भूल देणे आणि जांघ उघडणे ही साधी गोष्ट नव्हती. १९९१ साली फेलमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रेडिऑलॉजी' या नियतकालिकात एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. सोनोग्राफीच्या ज्या हातयंत्राने आपण आत पाहतो, त्यानेच दाबावयाचे!

रोग्याला पाठीवर निजवितात आणि दुखणे कमी करणारे औषध देतात. पायाच्या पंजाची नाडी आधी तपासून ठेवतात. मग डॉक्टर हातयंत्र बरोबर गाठीच्या मानेवर आणून हळूहळू दाब वाढवितात. पडद्यावर मानेतील रंग नाहीसा होतो, म्हणजे कप्प्यात जाणारे रक्त थांबले. त्याच वेळी मूळ रोहिणीतील रंग मात्र चालू राहिला पाहिजे, नाहीतर पायाचाच रक्तपुरवठा बंद पडेल. आपण पाटाच्या बांधाचे भगदाड बुजवितो, तेव्हा पाट बुजवीत नाही. तसेच हे आहे.

असा दाब १० ते २० मिनिटे धरतात आणि हळूच सोडून पाहतात. रंग पुन्हा दिसला तर पुन्हा दाबतात. कधी एका खेपेत काम होते, कधी तीन-चार खेपा लागतात. आपल्या त्या शेतकऱ्यांना चार खेपा लागल्या. "मला दुखत होतंच, पण त्या डॉक्टरांच्या हाताला घाम फुटला होता," असे ते नंतर सांगत होते. हे खरेच कष्टाचे काम आहे. कप्प्यातील रक्त एकदा स्थिर झाले, की ते गोठते. गोठलेले रक्त पुढे काही आठवड्यांत शरीर हळूहळू शोषून घेते. उपचारानंतर पुन्हा काही तास निजून राहावयाचे आणि एक-दोन दिवसांत पुन्हा सोनोग्राफी करून घ्यावयाची.

या रीतीने साधारण चार रोग्यांपैकी तिघांना किंवा त्याहूनही अधिक जणांना गुण येतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, किंवा कप्पा फार मोठा असेल, तर यश कमी मिळते.

येथे कोणी विचारील, मग आम्हीच घरी का दाबू नये? कारण आपल्याला मान दिसत नाही. फुगवट्यावर दाबले तर कप्पा फुटू शकतो. रोहिणीवर फार दाबले तर पाय काळानिळा पडतो.

आणखी दोन मार्ग

पहिला मार्ग सुईचा. आपल्या रक्तात गुठळी बनविणारा थ्राँबिन नावाचा पदार्थ असतो. सोनोग्राफीत पाहत बारीक सुई कप्प्यात घालून हे औषध थोडेसे सोडले, की बहुधा काही सेकंदांतच कप्पा गोठतो. कोप आणि झाइट या डॉक्टरांनी १९८६ साली ही रीत प्रसिद्ध केली. १९९० नंतरच्या दशकाअखेर ती सोनोग्राफीच्या साहाय्याने सर्वत्र वापरात येऊ लागली. हिचे यश शंभरात पंचाण्णवच्या आसपास किंवा अधिक आहे, दुखतेही कमी, म्हणून पुष्कळ ठिकाणी आता हीच प्रथम वापरतात. परंतु औषध चुकून मूळ रोहिणीत गेले तर पायात गुठळी अडकू शकते, आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. म्हणून ते जाणत्या हातानेच व्हावयास हवे.

दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. गाठ झपाट्याने वाढत असेल, वरची कातडी ताणून काळी पडू लागली असेल, जंतुसंसर्ग झाला असेल, किंवा पायाचा रक्तपुरवठा अडला असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. तेव्हा मागे-पुढे पाहू नये.

याउलट दोन सेंटिमीटरहून लहान असलेली गाठ कित्येकदा आपोआप गोठते. डॉक्टर नुसती लक्ष ठेवण्यास आणि पुन्हा सोनोग्राफी करण्यास सांगतील. तसे सांगितले म्हणजे दुर्लक्ष केले असे समजू नये. पण सांगितलेल्या दिवशी तपासणीला जरूर जावे.

घरी आल्यावर काय पाहावे?

नळी घातलेल्या जागेवर थोडे निळे-जांभळे पडणे, वाटाण्याएवढी टणक गुठळी हाताला लागणे आणि किंचित दुखणे हे साधारण आहे. परंतु पुढील गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा :

१. जागा फुगू लागली, किंवा फुगलेली जागा वाढत चालली.

२. गाठीवर हलका हात ठेवला असता ठोके लागतात, किंवा माशी अडकल्यासारखी थरथर जाणवते. अशी थरथर रोहिणी आणि नीला यांच्यामध्ये नवी वाट पडल्याचीही खूण असते.

३. ठणका वाढत जातो, मांडी बधिर होते.

४. ताप येतो, जागा लाल व गरम होते किंवा पू येतो.

पुढील तीन प्रसंगी मात्र एक क्षणही थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी :

१. जागेतून रक्त वाहू लागणे. रोग्याला सपाट निजवावे आणि स्वच्छ कापड ठेवून छिद्राच्या किंचित वर बोटांनी घट्ट दाबून धरावे. मदत येईपर्यंत वारंवार उचलून पाहू नये. वाहते रक्त थांबविणे हा एकच प्रसंग असा आहे, की जेथे आपण घरी दाबावयाचे.

२. पाय गार, पांढुरका किंवा बधिर पडणे.

३. बाहेर काही दिसत नसता कंबरेत किंवा पोटाच्या बाजूला जोराने दुखणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे. अशा वेळी रक्त आतल्या आत पोटामागे साठत असते.

काय करू नये?

शेकू नये. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात. चोळू नये, तेल लावून रगडू नये. लेपाखाली गाठ झाकू नये. आणि 'पू झाला आहे, फोडून टाकू' असे म्हणणाऱ्याच्या हाती कधीही देऊ नये. त्या गाठीला चिरा पडला, तर मोठ्या रोहिणीचे रक्त वाहू लागते आणि खेड्यात ते आवरण्यासारखे नसते.

डॉक्टर वेगळे सांगत नाहीत तोपर्यंत साधारण आठवडाभर जड ओझे उचलू नये, बादल्या-घमेली वाहू नयेत, ट्रॅक्टर चालवू नये. पहिले काही दिवस उकिडवे बसणे व जोराने कुंथणे टाळावे. खोकला किंवा शिंक आली तर जांघेवर हात ठेवावा.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. गाठ आली म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. स्टेंट नवा असताना त्या बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. गोळ्या बदलावयाच्या की नाहीत, हे डॉक्टरच ठरवतील.

कागद आणि खर्च

दवाखान्यातून निघताना मिळणारा कागद पुष्कळदा इंग्रजीत असतो आणि तो तसाच पिशवीत राहतो. निघण्यापूर्वी तेथील डॉक्टर किंवा परिचारिकेला तीन प्रश्न विचारा : नळी कोणत्या जागेतून घातली? जड काम कोणत्या तारखेपासून करावे? गाठ आली तर कोठे यावे, आणि तेथे डॉप्लर सोनोग्राफी आहे काय? उत्तरे आपल्या भाषेत लिहून घ्या आणि तो कागद भिंतीवर लावा.

खर्चाच्या भीतीने जाणे टाळू नये. ग्वाल्हेरमध्ये १९४६ साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले जयारोग्य हे सरकारी रुग्णालय आहे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता ते लागू झाले आहे. कार्ड काढले नसेल तर आजारपणाची वाट न पाहता काढून ठेवा. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

आपले ते शेतकरी आता रानात जातात. पोती उचलण्याचे काम त्यांनी मुलाकडे दिले आहे. परवा त्यांच्या शेजाऱ्याच्या जांघेत गाठ आली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पायाला काही लागलंय का?" शेजाऱ्याच्या टाचेत काटा मोडला होता. ते खरेच अवधाण होते. पण प्रश्न मात्र योग्य होता.

घरी वाचून चर्चा करावयाचे प्रश्न

१. अवधाण आणि रक्ताची खोटी गाठ यांतील फरक कोणत्या दोन गोष्टींवरून ओळखाल?

२. डॉक्टरांनी दाबणे आणि आपण घरी दाबणे यांत काय अंतर आहे? घरी कोणत्या एकाच प्रसंगी दाबावयाचे?

३. आपल्या घरात किंवा शेजारी कोणाची अँजिओग्राफी झाली आहे काय? त्यांना वरील तीन प्रश्नांची उत्तरे ठाऊक आहेत काय? नसतील तर या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन हा पाठ वाचून दाखवा.